काय बोललं आणि कोण बोललं: आवाज ओळखणारी यंत्रं कशी चालतात

एखाद्या पुढाऱ्याची ऑडिओ क्लिप फिरते, पुढारी 'हा आवाज माझा नाही' म्हणून मोकळे होतात आणि दोन दिवसांनी बातमी येते की आवाजाचे नमुने फॉरेन्सिक लॅबकडे पाठवले. पुढे महिनोन् महिने काही कळत नाही. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं, यात एवढा वेळ कसला? हातातल्या फोनला मराठीत सांगितलेलं क्षणात लिहिता येतं, मग तेवढ्याच झटपट 'हा अमक्याचाच आवाज' असं संगणकाला का सांगता येऊ नये? शंका रास्त आहे, पण तिच्यात दोन वेगळी कामं एकात एक मिसळली आहेत.

एकच आवाज, दोन उलटी कामं

पहिलं काम म्हणजे काय बोललं ते ओळखायचं. याला वाणी-ओळख म्हणू. दुसरं काम म्हणजे कोण बोललं ते ओळखायचं. ही वक्ता-ओळख. दोन्हींना कच्चा माल एकच लागतो, पण पाखडायची रीत उलटी. 'पाणी आण' हे आजी म्हणो, नातू म्हणो किंवा घसा बसलेला मास्तर म्हणो, वाणी-ओळखीच्या सुपात 'पाणी आण' एवढंच राहायला हवं. म्हणणाऱ्याचं वय, लिंग, गाव हा सगळा भुसा. वक्ता-ओळखीच्या सुपात नेमका तोच भुसा दाणा असतो आणि शब्द उडवून लावायचे असतात. म्हणून एक यंत्र हुशार झालं की दुसरं आपोआप हुशार होईल, असं होत नाही.

आवाजाचे आकडे

माइकमधून येणारा हवेचा दाब संगणक सेकंदाला १६,००० वेळा मोजतो. हे कच्चे आकडे थेट वापरत नाहीत. आवाजाचे २५ मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात आणि दर १० मिलिसेकंदांनी नवा तुकडा सुरू करतात. म्हणजे सेकंदाला १०० तुकडे, आणि शेजारच्या तुकड्यांत थोडा थोडा भाग सामाईक. एवढ्या छोट्या अवधीत जीभ-ओठ जवळपास स्थिर असतात, म्हणून हा आकार निवडलेला. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येला किती जोर आहे, हे साधारण ८० पट्ट्यांत मोजलं जातं. खालच्या सुरांच्या पट्ट्या अरुंद आणि वरच्या रुंद असतात, कारण आपला कानही तसाच ऐकतो. या मोजमापाचं चित्र काढलं की त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात.

त्या चित्रात स्वरांचे ठळक पट्टे दिसतात. पुरुषाच्या 'आ'मध्ये पहिला पट्टा ७०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७०० कंपनांच्या, आसपास आणि दुसरा ११०० च्या जवळ. 'ई' म्हणताना पहिला ३०० पर्यंत उतरतो आणि दुसरा २२०० च्या वर जातो. तोंडाच्या पोकळीचा आकार बदलला की पट्टे सरकतात, त्यावरून स्वर कळतो. पोकळीची एकूण लांबी मात्र माणसागणिक वेगळी असते, त्यामुळे तेच पट्टे प्रत्येकाचे जरा इकडेतिकडे असतात. शब्द आणि माणूस एकाच रेघेत असे गुंतलेले असतात.

व्यंजनांचा मामला आणखी नाजूक. 'स'चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो, तर जुन्या पद्धतीचा फोन कॉल ३०० ते ३४०० एवढाच भाग पोहोचवतो. म्हणून फोनवर नाव सांगताना 'स, समईतला स' असं म्हणावं लागतं. हल्लीच्या एचडी कॉलमध्ये हा पल्ला ७००० पर्यंत जातो, बशर्ते दोन्हीकडचे फोन आणि नेटवर्क तसे असतील.

ऑड्रीपासून आजपर्यंत

१९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 'ऑड्री' नावाचं यंत्र तयार झालं. सहा फुटी रॅकभर सर्किटं, आणि ओळखायचे फक्त शून्य ते नऊ हे आकडे. वर सांगितलेले स्वरांचे पहिले दोन पट्टे पाहून ते अंदाज बांधायचं. एका माणसाच्या आवाजाशी जुळवून घेतलं तर उत्तम चालायचं, दुसरा बोलायला बसला की गडबड. दहा वर्षांनी आयबीएमच्या 'शूबॉक्स'ची मजल १६ शब्दांपर्यंत गेली. १९६९ मध्ये बेल लॅब्जच्याच जॉन पियर्स यांनी या सगळ्या खटाटोपावर इतकी खरमरीत टीका केली की तिथलं संशोधन काही वर्षं थंडावलं. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता: भाषा न कळता नुसत्या ध्वनीवरून शब्द कसे कळणार?

उत्तर आलं ते आकडेशास्त्रातून. १९७६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात, राज रेड्डी यांच्या गटात तयार झालेली 'हार्पी' ही प्रणाली १,०११ शब्द ओळखू लागली. त्याच सुमारास जेम्स बेकर आणि आयबीएममधले फ्रेडरिक येलिनेक यांनी नियम लिहिण्याचा नाद सोडून संभाव्यता मोजायला घेतली. हा ध्वनी अमुक अक्षराचा असण्याची शक्यता किती आणि या शब्दामागून तो शब्द येण्याची शक्यता किती, या दोन्हींचा गुणाकार करून सर्वांत संभाव्य वाक्य निवडायचं. दुसऱ्या भागाला भाषेचं मॉडेल म्हणतात. पुढची तीसेक वर्षं हाच राजमार्ग होता. तरी १९९७ पर्यंत संगणकाला मजकूर सांगायचा तर बहुतेक ठिकाणी एकेक शब्द तोडून बोलावं लागे.

२०१२ च्या सुमारास न्यूरल नेटवर्क, म्हणजे ढीगभर उदाहरणांवरून स्वतःच शिकणारी गणिती रचना, आलं आणि चुका झपाट्याने घटल्या. आता सेकंदाच्या शंभर तुकड्यांपासून थेट अक्षरं काढतात. पण अक्षर एक आणि तुकडे अनेक, हे जुळवायचं कसं? यावरची एक युक्ती पाहण्यासारखी आहे. यंत्र प्रत्येक तुकड्याला एक अक्षर देतं किंवा 'रिकामं' अशी खूण करतं. मग लागोपाठ आलेली सारखी अक्षरं एकात मिटवायची आणि रिकाम्या खुणा काढून टाकायच्या. 'ममता' हा शब्द यंत्राला 'म म म ता ता' असा दिसला तर मिटवून 'मता' उरेल. म्हणून दोन 'म'मध्ये एकदा तरी रिकामी खूण पडावी लागते: 'म म – म ता ता', मग 'ममता' नीट येतं. भराभर बोललं की ही मधली खूणच गायब होते आणि लागोपाठच्या सारख्या अक्षरांपैकी एक गिळलं जातं. आपण यंत्राला नावं ठेवतो तेव्हा पुष्कळदा चूक इतक्या बारीक जागी झालेली असते.

मराठी बोललं की कुठे अडतं

यंत्र किती चुकतं हे मोजायची सर्वमान्य रीत म्हणजे बदललेले, गाळलेले आणि जादा घातलेले शब्द मोजून त्यांना मूळ शब्दसंख्येने भागायचं. इंग्रजीला ती बरी बसते. मराठीला ती कधी उगाच झोडपते, तर कधी खरी चूक पदराआड घालते.

'उद्या सकाळी सव्वानऊला एसटी स्टँडवर ये' हे सहा शब्द. यंत्राने 'सव्वा नऊला' असं तोडून लिहिलं तर एक शब्द बदलला आणि एक वाढला, म्हणजे सहात दोन चुका, ३३ टक्के. येणारा मात्र बरोबर वेळेवर येईल. आता हे पाहा: 'उपाशीपोटी ही गोळी घेऊ नका'. यंत्र लिहितं, 'उपाशीपोटी ही गोळी घेऊन का'. ध्वनी अक्षरशः तोच आहे, जागा फक्त एका अक्षराने सरकली. चुका पाचात दोन, ४० टक्के. आकड्यांत दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी बसतात, पण दुसरं वाक्य औषधाच्या चिठ्ठीवर गेलं तर काय होईल ते सांगायला नको. दवाखान्यात, पोलीस जबाबात किंवा कोर्टात यंत्राचं लिखाण वापरायचं असेल, तर 'अचूकता ९५ टक्के' या जाहिरातीपेक्षा नकार, आकडे आणि नावं किती वेळा चुकतात ते वेगळं मोजायला हवं.

दुसरी अडचण लिपीची. 'दिन' आणि 'दीन' आपण बोलताना सारखेच म्हणतो. ऱ्हस्व की दीर्घ हे कानाला कळत नाही, संदर्भावरून ठरवावं लागतं, म्हणजे ते काम भाषेच्या मॉडेलचं. उलट 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा उच्चारतो, पण लिहितो एकच. त्यात 'मीटिंग पोस्टपोन झाली' अशी भेसळ, आणि मालवणी, वऱ्हाडी, अहिराणीचे सूर. यंत्र जे ऐकत मोठं झालं तेच त्याला येतं. ओपनएआय कंपनीचं 'व्हिस्पर' हे वाणी-ओळखीचं यंत्र २०२२ मध्ये आलं ते ६,८०,००० तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून. त्यातले १,१७,००० तास इंग्रजी सोडून ९६ भाषांत वाटलेले, आणि त्या वाटणीत मराठीच्या ताटात फारच थोडं पडलं. ही कसर भरायला आयआयटी मद्रासचा एआयफॉरभारत गट आणि केंद्र सरकारची 'भाषिणी' योजना भारतीय भाषांचा आवाज जमवत आहेत.

एक सावधगिरी. नव्या यंत्रांना नीट ऐकू आलं नाही तर ती गप्प बसत नाहीत, शोभेलसं वाक्य रचून देतात. शांततेत किंवा पंख्याच्या घरघरीत हे जास्त होतं. जुनं यंत्र चुकलं की मजकूर विनोदी दिसायचा आणि चूक लगेच कळायची. नवं चुकलं तरी मजकूर सुबक असतो.

घरच्या वापरासाठी एवढं पाळलं तरी फरक पडतो: कीबोर्डच्या आवाजी टायपिंगची भाषा मराठीच निवडलेली आहे ना ते पाहा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि ब्लूटूथ इअरफोनचा माइक शक्यतो टाळा. ब्लूटूथवर माइक चालू झाला की बऱ्याच उपकरणांत आवाजाचा दर सेकंदाला १६,००० किंवा ८,००० मोजण्यांवर येतो, आणि ८,००० वर आला की त्याच्या निम्म्या, म्हणजे ४००० हर्ट्झपर्यंतचाच आवाज उरतो, मग 'स'-'श'चा घोळ ठरलेला.

आता दुसरं सूप: कोण बोललं

इथे यंत्राला शिकवताना एकाच माणसाची वेगवेगळी वाक्यं देतात आणि सांगतात, यांतून येणारं उत्तर सारखं यायला हवं. दुसऱ्या माणसाचं उत्तर दूर जायला हवं. उत्तर म्हणजे ठरावीक लांबीची आकड्यांची ओळ, कुठे १९२ आकडे, कुठे ५१२. तिला एम्बेडिंग म्हणतात. दोन ध्वनिमुद्रणांच्या ओळी किती जवळ आहेत याचा एक गुण निघतो, आणि तो ठरवलेल्या कट-ऑफच्या वर असला की 'जुळलं'.

हा कट-ऑफ माणूस ठरवतो, निसर्ग नाही. तो वर नेला तर खऱ्या खातेदाराला बँकेचं यंत्र हाकलून देतं, खाली आणला तर परका आत शिरतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्य करता येत नाहीत. दोन्हींचं प्रमाण जिथे सारखं होतं तो आकडा यंत्राची प्रत म्हणून सांगतात. यूट्यूबवरच्या नामवंतांच्या मुलाखतींवर उत्तम यंत्रांचा हा आकडा एक टक्क्याच्या खाली गेला आहे. ऐकायला झकास. पण पोलिसांनी एक क्लिप १,००० जणांच्या आवाजसंग्रहाशी लावून पाहिली, तर एक टक्क्याने दहा निरपराध माणसं 'जुळतील'. एकाच माणसाची खातरजमा करणं आणि हजारांतून एक शोधणं यांत हा फरक आहे, आणि बातम्यांत तो हटकून हरवतो.

मग आवाज म्हणजे बोटाचा ठसा नव्हे?

ही उपमा १९६२ पासून आपल्या मानगुटीवर बसली आहे. त्या वर्षी लॉरेन्स कर्स्टा यांनी 'नेचर' मासिकात 'व्हॉइसप्रिंट' या नावाने दावा केला की स्पेक्ट्रोग्राम डोळ्यांनी ताडून माणूस ओळखता येतो, तोही ९९ टक्क्यांच्या वर अचूक. अमेरिकी न्यायालयांत ही पद्धत काही काळ चालली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने तपासून सांगितलं की प्रत्यक्ष गुन्ह्यांतल्या परिस्थितीत चुका किती होतात याचा पुरेसा आधारच नाही.

बोटावरच्या रेषा आपण ठरवून बदलू शकत नाही. आवाज ही शरीराची क्रिया आहे, शरीराचा भाग नाही. तोच माणूस सकाळी उठल्यावर, भांडताना, कुजबुजताना आणि दहा वर्षांनी वेगळा ऐकू येतो. 'न' आणि 'म' या नाकातून जाणाऱ्या ध्वनींत माणसाची ओळख चांगली टिकते, कारण नाकाच्या पोकळीचा आकार आपल्याला बदलता येत नाही. पण सर्दी झाली की नेमका तोच भाग बिघडतो.

शिवाय माइक आणि फोनची लाइन स्वतःचा रंग चढवतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून बेल लॅब्जला गेलेले बिष्णू अटल यांनी १९७४ मध्ये यावर साधी तोड दाखवली: संपूर्ण ध्वनिमुद्रणाची सरासरी काढून ती प्रत्येक तुकड्यातून वजा करायची, म्हणजे लाइनचा कायमचा रंग बराचसा निघून जातो. ही वजाबाकी पुढे दोन्ही प्रकारच्या यंत्रांत सर्रास वापरली गेली. मात्र बदलता गोंगाट आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होऊन दबलेली फाइल यांना तिचा उपयोग नाही.

लॅबमध्ये नेमकं काय चालतं

आधी फाइलमध्ये काटछाट झाली आहे का ते पाहतात. मग तुलनेसाठी संशयिताचा नमुना लागतो. तो द्यायला भाग पाडणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे का, हा आक्षेप रितेश सिन्हा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २ ऑगस्ट २०१९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की दंडाधिकारी आवाजाचा नमुना द्यायचा आदेश देऊ शकतात आणि त्याने राज्यघटनेतल्या संरक्षणाचा भंग होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये ही तरतूद थेट लिहिली आहे. ध्वनिमुद्रित संभाषण पुरावा म्हणून चालतं का, हा प्रश्न तर त्याहून जुना. मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरवरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरच्या) लाचखोरीच्या मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच तो निकालात काढला. अट एवढीच की आवाज ओळखता यायला हवा आणि फाइलशी छेडछाड झालेली नसावी.

खरी गोम नमुन्यात असते. क्लिपमध्ये माणूस मोटारीत बसून मित्राशी हसत-खिदळत बोलतोय, आणि नमुना देताना तोच माणूस सरकारी खोलीत कागदावरचं वाक्य जपून वाचतोय. काही जण मुद्दाम सूर पाडतात. क्लिप दहा सेकंदांची, त्यात दोनदा हॉर्न. दोन्हीकडे सापडणारे समान शब्द वेचायचे, ते कानांनी ऐकायचे, स्पेक्ट्रोग्रामवर ताडायचे आणि जोडीला यंत्राचा गुण पाहायचा, असं हे किचकट काम. वेळ इथे जातो.

आणि शेवटी निघतं ते 'हो' किंवा 'नाही' नसतं. चांगला अहवाल एवढंच सांगतो की एवढं साम्य, बोलणारा एकच असेल तर, दोन वेगळ्या माणसांच्या मानाने किती पट संभाव्य आहे. समजा उत्तर ५० पट आलं. तो फोन संशयिताने किंवा इतर ५०० जणांपैकी कुणीही केला असण्याची शक्यता सारखीच असेल, तर ५० पटीनंतरही तो संशयिताचा असण्याची शक्यता जेमतेम नऊ टक्के. पण इतर पुराव्यांवरून फोन दोघांपैकीच एकाने केला हे पक्कं असेल, तर तेच ५० पट शक्यता ९८ टक्क्यांवर नेतं. आवाजाचा अहवाल एकटा उभा केला तर लंगडा. कॉल रेकॉर्ड, टॉवर लोकेशन आणि साक्षीदार यांच्या जोडीला ठेवला तर वजनदार. मथळ्यात मात्र 'आवाज जुळला' एवढंच येतं.

नकलाकार, जुळा भाऊ आणि कृत्रिम आवाज

नकलाकार माणसांना जेवढा फसवतो तेवढा यंत्राला फसवत नाही. तो लकबी, हेल आणि ठेका उचलतो, पण घशाची लांबी बदलू शकत नाही. रक्ताच्या नात्यात मात्र यंत्र डळमळतं. २०१७ मध्ये बीबीसीच्या एका पत्रकाराच्या जुळ्या भावाने, तोही हुबेहूब न दिसणारा, ब्रिटनमधल्या बँकेची आवाजी तपासणी अनेक प्रयत्नांनंतर ओलांडून दाखवली. इथे आवाजाइतकाच पुन्हा पुन्हा प्रयत्न करू देणारा नियमही नडला.

कृत्रिम आवाजाने मात्र पटच उलटवला. २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी वक्ता-ओळखीसाठी बनवलेलं एम्बेडिंगच बोलणाऱ्या यंत्राला दिलं आणि त्या माणसाच्या आवाजात हवं ते वाक्य वदवून घेतलं. कुलूप ओळखायला केलेल्या मापावरून किल्ली पाडली गेली. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीन सेकंदांच्या नमुन्यावर हे करून दाखवलं. खोटा आवाज पकडणाऱ्या यंत्रांच्या स्पर्धा २०१५ पासून होत आहेत, आणि त्यांत पुन्हा पुन्हा दिसतं ते असं की माहितीतल्या पद्धतीने केलेली नक्कल पकडली जाते, नव्या पद्धतीची निसटते. त्यातून कॉल फोनच्या अरुंद पट्ट्यातून आला की नकलीपणाच्या बारीक खुणा वाटेतच गळून पडतात.

म्हणून फोनवर मुलाचा रडवेला आवाज 'पैसे पाठव' म्हणत असेल तर आवाज पारखत बसू नका, तुमचा कानही इथे पुरा पडणार नाही. फोन ठेवा, आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. धमकीचा किंवा लाच मागणारा कॉल तुमच्याकडे रेकॉर्ड झाला असेल, तर मूळ फाइल ज्या फोनमध्ये तयार झाली तिथेच राहू द्या. नाव बदलू नका, कापू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीवर विसंबू नका, कारण वाटेत फाइल नव्याने दाबली गेली तर लॅबला हवे असलेले तपशील उडतात आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक बिटवरून काढलेला ओळख-आकडा, मूळ फाइलशी जुळत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तोच हॅश लिहावा लागतो.